घराजवळच्या निसर्गावर मुलांसाठी पुस्तक करताना: पहिल्या नोंदीपासून छापील प्रतीपर्यंत

माळरानावर मुलांसाठी एक २४ पानी चित्रपुस्तक करायला मला दोन वर्षं लागली. त्यातले आठ-नऊ महिने चुका निस्तरण्यात गेले. कुणी आधी सांगितलं असतं तर त्यातल्या निम्म्या तरी टळल्या असत्या. तुमच्या मनात असं पुस्तक असेल, मग ते ओढ्याचं असो, खाडीचं असो की सोसायटीतल्या वडाचं, तर हा लेख शेजारी ठेवून कामाला लागा.

मी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या भागात राहते. इथे दाट जंगल नाही. कुसळी गवताचे माळ आहेत आणि त्यांत लांडगे, खोकड, चिंकारा आणि धाविक, चंडोल हे पक्षी राहतात. लोक या जमिनीला सरळ पडीक म्हणतात. आमच्या मुलांच्या पुस्तकांत ध्रुवीय अस्वल असतं, झेब्रा असतो, पेंग्विन असतो. शाळेच्या कुंपणाबाहेर गाणारा चंडोल मात्र नसतो. तो असावा म्हणून मी लिहायला बसले.

आधी जवळ काय हवं

- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पावसात शाई पसरते, पेन्सिल टिकते.
- ८×४० किंवा ८×४२ ची साधी दुर्बीण. याहून भारी लागत नाही.
- तुमच्या भागातल्या पक्ष्यांचं आणि सस्तन प्राण्यांचं एकेक सचित्र ओळखपुस्तक.
- फोनचा कॅमेरा, आणि युनिकोड (कुठल्याही संगणकावर तशीच उघडणारी अक्षरपद्धती) मराठी टाइप करता येईल असा संगणक.
- कागदपत्रं: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, चित्रकाराशी केलेला लेखी करार, दुसऱ्याचे फोटो छापणार असाल तर त्यांची लेखी परवानगी, पुढे आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी शीर्षकपान आणि मुखपृष्ठाचा नमुना. एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मला शेवटच्या आठवड्यात हे सगळं चार ठिकाणांहून गोळा करावं लागलं.

१. प्राणी नको, जागा निवडा

नवीन माणूस बहुधा वाघापासून सुरुवात करतो. पण तुम्ही वाघ किती वेळा पाहिला आहे? न पाहिलेल्या प्राण्यावर लिहायला बसलं की माहिती इतरांच्या पुस्तकांतून येते आणि त्यांच्या चुकाही सोबत येतात. त्यापेक्षा अर्ध्या तासात चालत पोचता येईल अशी जागा घ्या, कारण तिथे तुम्हाला वर्षात चाळीस-पन्नास वेळा जायचं आहे.

जागा लहान असली तरी बिचकू नका. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं आणि ते जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. तेवढ्यातही एका जन्मात लिहून संपणार नाही इतकं आहे. अभयारण्यात जायचं तर प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क पाळा. बाहेरच्या माळाची जमीनही वन विभागाची असू शकते, म्हणून तिथल्या वनरक्षकाला एकदा भेटून काय करताय ते सांगून ठेवा. माझ्या बाबतीत पुढे त्याच भेटीतून अर्धं पुस्तक उभं राहिलं.

२. तिन्ही ऋतू वहीत येऊ द्या

एका सहलीवर पुस्तक होत नाही. मी पावसाळ्यात सुरुवात केली तेव्हा माळ हिरवा होता आणि मला वाटलं, हाच माळ. दिवाळीपर्यंत गवत सोनेरी झालं, कुसळं सलवारीत रुतून बसायला लागली, आणि थंडीत मध्य आशियाकडून भोवत्ये आले. भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातो आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर झोपतो. हे ऐकल्यावर मुलांचे डोळे मोठे होतात. मी पावसाळ्यातच लिहून मोकळी झाले असते तर हे पान पुस्तकात आलं नसतं.

उन्हाळ्यात माळ मेल्यासारखा दिसतो, तेव्हा मुद्दाम जा. साधारण मार्च ते मे या दिवसांत पंखा-गळ्याच्या सरड्यांचे नर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतात आणि मिटतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांचा एक नवा गण (जवळच्या जातींचा गट) वेगळा केला आणि त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं 'सरडा', आपल्या मराठी शब्दावरूनच. त्यातली एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची आहे. जगभरचे शास्त्रज्ञ आपला शब्द वापरतात, हे एका पाचवीतल्या मुलाने घरी जाऊन तीन जणांना सांगितलं.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा आणि 'मी स्वतः पाहिलं' की 'कुणी सांगितलं' हे लिहा. हा शेवटचा रकाना विसरू नका. वर्षभराने दोन्हींत फरक करता येत नाही.

इथला मोठा धोका: घरटं, बीळ, पिल्लं दिसली की जवळ जायचा मोह होतो. लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यात होतात. बिळाजवळ माणसांची ये-जा वाढली तर मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, आणि त्या धावपळीत पिल्लं दगावू शकतात. दुरूनच बघा, दोन मिनिटांत निघा. पुस्तकात नेमकी जागा कधीच लिहू नका, आणि फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यातली स्थळाची नोंद काढून टाका.

३. नावं नीट जमवा

मराठीत निसर्गावर लिहिताना सगळ्यात जास्त घोटाळे नावांत होतात. कोल्ह्याचंच बघा. शाळेत मुलं इंग्रजी 'फॉक्स' म्हणजे कोल्हा असं पाठ करतात. पण आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला 'जॅकल'. 'फॉक्स' म्हणजे आपलं खोकड: कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचं, आणि शेपटीचं टोक काळं. दोघंही आमच्या माळावर आहेत. इंग्रजी पुस्तकातून मराठीत आलेल्या गोष्टींत 'कोल्हा' असं लिहून शेजारी पांढऱ्या टोकाच्या शेपटीचा लाल परदेशी फॉक्स काढलेला असतो. मूल तो बघून माळावर येतं आणि त्याला ना कोल्हा ओळखता येतो ना खोकड.

बिबट्याला चित्ता म्हणणं ही अशीच दुसरी चूक. बिबट्याच्या अंगावर पोकळ, फुलासारखे ठिपके असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. आपल्या शेतात येतो तो बिबट्या. चित्ता १९५२ साली भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला बाहेरून आणून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडलं.

मी एक तक्ता केला: गावातलं नाव, छापील मराठी नाव, शास्त्रीय नाव. छापील नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्ष्यांवरचा कोश आणि मराठी विश्वकोश मला फार उपयोगी पडले. गावातल्या नावांसाठी धनगरांच्या वाड्यावर बसले. ती नावं मुलांच्या घरात बोलली जातात, म्हणून मजकुरात तीच घेतली आणि बाकीची शेवटच्या पानावर दिली. एका प्राण्याला पुस्तकभर एकच नाव ठेवा. पान ५ वर एक आणि पान १२ वर दुसरं असं झालं तर मूल दोन प्राणी समजतं.

४. थोडं लिहा, मोठ्याने वाचा

२४ पानांतली शीर्षकपान, प्रकाशनाची माहिती आणि शेवटची नावांची यादी वगळली की हातात साधारण २० पानं उरतात, म्हणजे समोरासमोरच्या दहा जोड्या. एका जोडीला ३० ते ४० शब्द पुरे. माझा पहिला खर्डा याच्या तिप्पट होता आणि त्यात मी सारखी शिकवत होते.

तिथेच मला एक गोष्ट उमगली. 'म्हणून मुलांनो, निसर्गाचं रक्षण करा' हे वाक्य काढून टाकल्यावर पुस्तक सुधारलं. ज्याने चंडोलाला गात गात उंच चढताना आणि मग दगडासारखा खाली येताना पाहिलं आहे, त्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. 'झाडे लावा' हा शेवटही विचारपूर्वक वापरा. माळावर खड्डे घेऊन दाटीवाटीने झाडं लावली तर चंडोल आणि धाविक यांची जागा जाते. त्यांना उघडं गवतच लागतं. मुलांना हे सांगणारी पुस्तकं फार थोडी आहेत, म्हणून मी त्यावर एक अख्खी जोडी खर्च केली.

मृत्यू टाळू नका. लांडगा मेंढीचं कोकरू नेतो हे मेंढपाळाच्या मुलाने पाहिलेलं असतं. पुस्तकात लांडगा फक्त गोंडस दिसला तर तो मुलगा पुस्तक मिटून ठेवेल. मी लिहिलं की लांडग्याने कोकरू नेलं, आजोबा दोन दिवस गप्प होते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला. एवढंच.

नाहीशा होत चाललेल्या प्राण्यांबद्दलही खरं लिहा. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक या मोठ्या पक्ष्यासाठी अभयारण्य झालं; आज तिथेही माळढोक दिसणं दुर्मीळ आहे. मी त्या पानावर माळढोकचा आकार रिकामा सोडला आणि भोवती गवत काढून घेतलं.

५. दोघांकडून तपासून घ्या

एक अभ्यासक आणि एक तिथे राहणारा माणूस. दोघांपैकी एकटा कुणी पुरत नाही. अभ्यासकाने माझ्या खर्ड्यातल्या ज्या चुका दाखवल्या त्या देते, कारण त्या जवळपास प्रत्येकाकडून होतात:

- मी ससा बिळात राहतो असं लिहिलं होतं. आपला रानससा बीळ करत नाही. गवतात दबून बसायला खोलगट जागा करतो, आणि त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी, अंगावर केस घेऊन जन्मतात. बिळात राहणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा पाळीव आहे.
- सुगरणीचं घरटं विणतो तो नर. अर्धवट विणून झालं की मादी येऊन पाहते. पसंत पडलं तरच ती राहते. बहिणाबाईंच्या कवितेमुळे आणि त्या स्त्रीलिंगी नावामुळे आपल्या मनात उलट बसलेलं असतं. कविता आपल्या जागी राहू द्या, पण तुमच्या पानावर नर विणताना दाखवा.
- 'कुहू कुहू' करतो तो काळा नर कोकीळ. मादी तपकिरी, ठिपक्यांची असते.
- चिंकाऱ्याच्या मादीलाही शिंगं असतात, नराहून लहान. आणि चिंकारा व काळवीट यांची शिंगं दर वर्षी गळत नाहीत. गळतात ती चितळ-सांबराची.
- घरात पिंजऱ्यातला पोपट. चित्रात मी तो प्रेमाने रंगवायला सांगितला होता. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे पोपट पाळणं गुन्हा आहे. तो पिंजरा वगळला आणि पोपट समोरच्या कडुलिंबाच्या ढोलीत बसवला.

तिथे राहणारा माणूस म्हणजे वाड्यावरचे मेंढपाळ आजोबा. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचत गेले, ते ऐकत गेले. त्यांनी एकाच ठिकाणी थांबवलं: 'लांडगा वाऱ्याच्या दिशेने येत नाही बाई, वारा तोंडावर घेऊन येतो.' पुस्तकातलं ते एक वाक्य त्यांचं आहे आणि आभारांत तसं लिहिलं आहे.

६. चित्रकाराला चांगले संदर्भ द्या

चित्रकार कितीही चांगला असला तरी त्याने तुमचा माळ पाहिलेला नसतो. तो इंटरनेटवर शोधतो. इंग्रजीत 'हायना' शोधलं की आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस वर येतं. आपलं तरस पट्ट्यांचं आहे, मानेवर आयाळ असलेलं. 'वुल्फ' शोधलं तर बर्फातला जाड लोकरीचा लांडगा मिळतो. आपला लांडगा सडपातळ, आखूड केसांचा, वाळक्या गवताच्या रंगाचा. खारीच्या पाठीवर पट्टे हवेत, आणि गावकावळ्याची मान राखाडी. माझ्या पहिल्या संचातल्या दहा चित्रांपैकी चार मला परत पाठवावी लागली. चूक चित्रकाराची नव्हती, संदर्भ न देणाऱ्या माझी होती.

म्हणून प्रत्येक पानासाठी एक पाकीट करा: तुमचे फोटो, प्राण्याचा आकार (शेळीच्या बाजूला उभा केला तर किती उंच), ऋतू, गवताचा रंग. जमलं तर चित्रकाराला एक दिवस माळावर घेऊन जा. मी दुसऱ्या संचाआधी नेलं आणि चित्रांत धूळ आली, ऊन आलं.

पैशांचं आणि हक्कांचं बोलणं पहिल्याच दिवशी, कागदावर. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरते मानले जातात. त्यामुळे छापील, डिजिटल, अनुवाद, दुसरी आवृत्ती हे एकेक लिहा. मूळ चित्रं कुणाकडे राहणार तेही लिहा. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाएवढ्याच अक्षरात हवं. पाच वर्षांच्या मुलासाठी पुस्तक म्हणजे चित्रंच असतात.

गूगलवर सापडलेला फोटो मोफत नसतो. विकिमीडिया कॉमन्सवरच्या चित्रांखालीही परवाना लिहिलेला असतो, तो वाचा आणि सांगितलंय तसं श्रेय द्या.

७. रंग भरण्याआधी मुलांपुढे ठेवा

पेन्सिलीची कच्ची चित्रं आणि मजकूर चिकटवून एक वही करा आणि जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वाचा. 'आवडलं का?' विचारू नका, सगळी 'हो' म्हणतात. मुलं कुठे पुढे सरकतात आणि कुठे चुळबुळ करतात ते टिपा. माझ्या दोन जोड्या तिथेच गळाल्या. मुलांचे फोटो काढायचे तर पालकांना विचारूनच.

८. अक्षरं

मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. पुष्कळ ठिकाणी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम चालतं. तिथे मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं फुटतात आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला 'ऱ्य' हमखास बिघडतो. अंतिम पीडीएफ डोळे फुटेपर्यंत वाचा, आणि एकदा दुसऱ्या कुणाला वाचायला द्या. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, तेही पाहा. मुलं नुकती अक्षरं गिरवायला शिकलेली असतात. 'मुक्त' आणि 'बालू' हे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, खुल्या परवान्याचे फॉन्ट विनामूल्य वापरता येतात. पहिली-दुसरीसाठी आकार १८ पॉइंटच्या खाली आणू नका, आणि गडद चित्रावर काळा मजकूर ठेवू नका.

९. आयएसबीएन

भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतो. लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, शीर्षकपान, मुखपृष्ठ जोडा आणि छपाईच्या पुष्कळ आधी अर्ज करा, कारण त्रुटी निघाली तर तो परत येतो. पैसे घेऊन क्रमांक काढून देणारे भेटतील. त्यांची गरज नाही. उद्या इंग्रजी आवृत्ती काढलीत तर तिला वेगळा क्रमांक लागेल.

१०. छपाई

पानांची संख्या चारच्या पटीत हवी. फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) १६ पानांचा असतो, म्हणून १६ किंवा ३२ पानं कागदाच्या हिशोबाने सोयीची; २४ म्हणजे दीड फर्मा. एवढ्या पानांना सेंटर पिन बांधणी, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेली, पुरते. शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई. पाचशेच्या पुढे ऑफसेट, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणारी छपाई, परवडते, कारण तिथे प्लेटचा खर्च एकदाच होतो आणि प्रती वाढतील तसा प्रतीमागचा खर्च उतरतो. तीन छापखान्यांकडून ३००, ५०० आणि १००० प्रतींचे भाव लेखी मागवा, कागदाचं वजन आणि लॅमिनेशन सगळ्यांना तेच सांगून. आतला कागद मी १३० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत चमकदार कागद, घेतला. मॅपलिथो या साध्या, बिनचमकीच्या कागदावर रंग थोडे मंद येतात, पण पान चमकत नाही आणि हाताला बरं लागतं.

चित्रं ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), कापणीसाठी कडेने ३ मिलिमीटर जास्तीची, आणि सीएमवायके रंगांत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत. हे शेवटचं मी हलक्यात घेतलं. पोपटाचा पडद्यावरचा लखलखीत हिरवा छापील कागदावर शेवाळासारखा आला. छापखान्याने आधी नमुना दिलाच नाही आणि मीही हट्टाने मागितला नाही. पाचशे प्रती तशाच घरी आल्या. नेमक्या त्याच कागदावरचा छापील नमुना हातात घेऊन, दिवसाच्या उजेडात पाहून, सही केल्याशिवाय छपाई सुरू होऊ देऊ नका.

११. प्रती घरी आल्यावर

पुस्तक प्रदान कायदा, १९५४ प्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. स्वतः छापलंत तर प्रकाशक तुम्हीच, तेव्हा या चार प्रती आधी बाजूला काढा. मग चित्रकाराच्या, तपासणाऱ्यांच्या, वाड्यावरच्या आणि ज्या शाळेत वाचलंत तिथल्या.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. पण पुस्तकांची दुकानं किमतीतला मोठा हिस्सा घेतात, तेव्हा किंमत ठरवतानाच तो धरा. माझ्या सगळ्यात जास्त प्रती शाळांच्या वार्षिक कार्यक्रमांत आणि जत्रेतल्या एका टेबलावर गेल्या.

एक प्रत 'दुरुस्तीची' म्हणून वेगळी ठेवा आणि वाचकांनी दाखवलेली प्रत्येक चूक त्याच पानावर तारखेसह लिहा, म्हणजे दुसरी आवृत्ती सोपी जाते. माझ्या प्रतीत पहिली नोंद चौथीतल्या एका मुलीची आहे: 'पान ९. टिटवीचे पाय लाल काढलेत. पिवळे असतात. चोच लाल.'